माझी मान, मेईचे मार्क

हसायचं नाही हं, आधीच सांगते. हातात चहा आहे, ठसका लागेल, आणि मग म्हणाल, शुभदा, आधी सांगायचं तरी! आता काय आहे ना, मी आयुष्यात घोळ पुष्कळ घातलेत, पण सगळे तोंडाने. तोंडातून एक अक्षर न काढता सात मुलांना एका दमात नापास करण्याचा पराक्रम मात्र हा एकच.

तर झालं असं. मी इथे आखातात, अल बर्शाच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. त्याआधी पुण्यात चौदा वर्षं शिकवलं. म्हणजे परीक्षा, सुपरव्हिजन, पेपर तपासणं, हे सगळं माझ्या डाव्या हातचा मळ. निदान मला तसं वाटायचं!

यंदा आमच्याकडे एकदम सात चिनी मुलं आली. सगळी नववीसाठी. आईवडिलांची इथे लाइटची, टाइल्सची दुकानं. मुलं गणितात अशी की आमच्या गणिताच्या सरांनी दुसऱ्या दिवशी लायब्ररीतून पुस्तक काढून आणलं. प्रश्न फक्त इंग्रजीचा होता. ऐकून किती कळतं, वाचून किती कळतं, याची चाळीस मार्कांची परीक्षा घ्यायची. पंधराच्या खाली मार्क पडले तर मूल दोन इयत्ता खाली. सरळ सातवीत!

या सातांमध्ये एक होती मेई. चौदा वर्षांची, कपाळावर पट्टी लावून कापल्यासारखे सरळ केस, आणि पेन्सिल बॉक्समध्ये सहा पेन्सिली, सहाच्या सहा टोक केलेल्या. परीक्षेच्या दिवशी सकाळी ती दाराशी येऊन उभी राहिली.

"टीचर, इफ आय फेल, आय गो टू ग्रेड सेव्हन?"

"यू विल नॉट फेल, बेटा."

"माय ब्रदर इज इन ग्रेड सेव्हन." मग थोडा विचार करून म्हणाली, "सेम बस, ओके. सेम होम, ओके. सेम क्लास, नो."

तुम्हाला धाकटा भाऊ आहे का? मला आहे. दोन वर्षांनी लहान भावाच्या वर्गात, त्याच्या मित्रांसमोर बसायचं? त्यापेक्षा मी गाव सोडलं असतं. मी मनात म्हटलं, मेई, काळजी करू नकोस, तुझ्या पाठीशी शुभदा टीचर आहे. पोरीचं दुर्दैव बघा, मी खरोखरच तिच्या पाठीशी होते. फिरत होते ना वर्गात!

आमच्या परीक्षा विभागाचे प्रमुख तारिक सर. इजिप्तचे. माणूस उंच, आवाज त्याहून उंच. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि बोट नाचवून सांगितलं, "मिस शुभदा, नो टॉकिंग. नो हेल्पिंग. नो स्मायलिंग. यू आर अ वॉल!"

"येस सर. वॉल."

आणि सांगते, मी भिंत झाले! स्पीकरवर रेकॉर्डिंग लावलं. कुणी एक बाई रेल्वे स्टेशनवर छत्री विसरली होती आणि ती परत मिळवण्यासाठी तीन वेगवेगळ्या माणसांशी फार सभ्यपणे भांडत होती. छत्रीचा रंग कोणता, गाडी किती वाजताची, असे प्रश्न. मुलं कान टवकारून ऐकत होती, पर्यायांवर खुणा करत होती. रेकॉर्डिंग संपलं, तपासायला दहा मिनिटं दिली, आणि मी वर्गात फेरी मारायला निघाले.

पहिल्या बाकावर डोकावले. उत्तर बरोबर! दुसरं? तेही बरोबर! वा, पोरा! पण हा "वा" मनातल्या मनात हं. ओठ शिवलेले. तोंडावरची माशी हलली नाही.

आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती मला इतकी आवडली म्हणून सांगू! मी ज्याच्या बाकाशी जाऊन उभी राही, ते मूल एकदा वर माझ्याकडे बघायचं, पटकन खोडरबर काढायचं आणि काहीतरी खोडून पुन्हा नीट लिहायचं. मला वाटलं, काय नीटनेटकी मुलं आहेत! टीचर बघतायत म्हटल्यावर खूण जरा वाकडी आलेली चालत नाही. नाहीतर आपली मुलं! पेपरवर वरणाचे डाग असतात.

मेईच्या बाकाशी मी सगळ्यांत जास्त वेळ उभी राहिले. जीव तुटत होता ना तिच्यासाठी. पहिलं उत्तर बरोबर, दुसरं बरोबर, तिसरं बरोबर. मी तर अगदी सद्गदित झाले. मेईने माझ्याकडे बघितलं, तिचा चेहरा पडला, आणि तिने खोडरबर काढलं.

मग वाचनाचा भाग झाला. त्यात मधमाश्यांवर उतारा होता. तिथेही तेच. मी फिरतेय, मुलं खोडतायत. शेवटी शेवटी तर वर्गात दुसरा आवाजच नव्हता. सात खोडरबरं एकदम चाललेली, आणि मी मधून राणीसारखी फिरतेय.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, शाळा अर्धा दिवस. मी घरी जायच्या तयारीत, तेवढ्यात तारिक सरांचा निरोप, केबिनमध्ये या. गेले. टेबलावर सात पेपर पसरलेले.

"मिस शुभदा, हायेस्ट मार्क इज सिक्स."

"सिक्स कमी? म्हणजे चौतीस?"

"सिक्स! आउट ऑफ फॉर्टी! अँड धिस गर्ल, मेई, टू!"

दोन? चाळीसपैकी दोन? डोळे मिटून खुणा केल्या तरी दहा पडतात हो! माझ्या डोळ्यांपुढे मेईचा भाऊ आला. सातवीच्या वर्गात दारापाशी उभा राहून बहिणीचं स्वागत करताना.

"सर, हे शक्य नाही. मी स्वतः बघितलंय. सगळी उत्तरं बरोबर होती."

सरांनी मेईचा पेपर उचलला आणि खिडकीच्या उजेडात धरला. चाळीस प्रश्न. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी एक खोडलेली खूण. आणि त्या खोडलेल्या खुणा कुठे होत्या माहितेय? बरोबर उत्तरावर! पोरीने आधी बरोबर लिहिलं होतं आणि मग बसून निवांतपणे चुकवलं होतं. दुसरा पेपर धरला, तेच. तिसरा, तेच.

"समवन टोल्ड देम राँग आन्सर्स," सर म्हणाले. "इट इज अ कॉन्स्पिरसी."

आता माझ्यातली पुण्याची सुपरव्हायजर जागी झाली. मी म्हटलं, "सर, मी असताना? माझ्या वर्गात? अशक्य! मेईला बोलवा. आत्ताच्या आत्ता सोक्षमोक्ष लावू." बघा, स्वतःच्या पायावर धोंडा मी स्वतः पाडून घेतला. तोही चांगला निवडून, जड बघून.

मेई आली. दोन्ही हात मागे बांधून उभी राहिली.

मी अगदी मायेने विचारलं, "मेई, युवर फर्स्ट आन्सर्स वेअर करेक्ट. व्हाय डिड यू चेंज?"

तिने नजर बुटांकडे नेली.

"हू टोल्ड यू टू चेंज? डोन्ट बी अफ्रेड. टेल मी द नेम."

मेईने एकदा सरांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग फार हळू आवाजात म्हणाली, "यू, टीचर."

"मी?" मी इंग्रजीच विसरले. "अगं, मी तर तोंडसुद्धा उघडलं नाही!"

"नॉट माउथ," मेई म्हणाली. "हेड."

आणि तिने करून दाखवलं. बरोबर उत्तर बघितल्यावर टीचर काय करतात? तिने डोळे अर्धे मिटले, ओठ जरासे दाबले, आणि मान अशी डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, लाडाने डोलवली. तीच हो, आपली! गाण्याच्या बैठकीत समेवर हलते ती. पुरणपोळीचा पहिला घास तोंडात गेल्यावर हलते ती. "वा, काय जमलंय!" वाली मान!

"इन चायना, धिस इज नो," मेई म्हणाली.

"अँड राँग आन्सर?" सरांनी विचारलं. एव्हाना ते खुर्चीत पुढे सरकून बसले होते.

मेईने दुःखी चेहरा केला आणि मान हळूहळू खाली-वर, खाली-वर हलवली. आपण नाही का करत, कुणाचं काही बिनसलं की? "चालायचंच, बाळा, होतं असं" म्हणताना? तीसुद्धा माझीच!

"धिस इज येस," मेई म्हणाली.

म्हणजे बघा, बरोबर उत्तराला मी "नाही" म्हणत होते आणि चुकलेल्याला "हो". सात मुलांना! चाळीस प्रश्न! आणि बिचाऱ्यांनी टीचरवर पूर्ण विश्वास ठेवला होता. मेईचे दोन मार्क का आले तेही तेव्हा कळलं. तिच्यापाशी मी सगळ्यांत जास्त वेळ उभी राहिले होते ना! बहुधा त्या दोन प्रश्नांच्या वेळी मला शिंक आली असावी.

सरांनी सीसीटीव्ही लावला. आवाज नसलेलं चित्र. त्यात एक बाई सात बाकांमधून फिरतेय आणि तिची मान गाडीच्या डॅशबोर्डवरच्या बाहुलीसारखी डुलतेय. थांबायचं नाव नाही. तारिक सर पाच मिनिटं बघत राहिले. मग दोन्ही हात वर करून म्हणाले, "खलास. आय सेड वॉल! इन युवर कंट्री, द वॉल्स आर मूव्हिंग?"

घरी आले. नवऱ्याला म्हटलं, "मिलिंद, खरं सांग, मी मान हलवते का रे?"

"छे गं!" मिलिंद म्हणाला. आणि मान हलवली.

आमची ऋता इथेच वाढलेली. ती मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "मम्मा, यू बोथ डू इट ऑल द टाइम. माय फ्रेंड्स थिंक यू से नो टू एव्हरीथिंग. धिस वन टाइम यू गेव्ह देम चकली अँड दे वेअर सो कन्फ्यूज्ड, दे पुट इट बॅक."

तुम्ही हसताय! मला तीन रात्री झोप नव्हती. माझ्यामुळे ती पोरगी धाकट्या भावाच्या बाकावर बसणार होती. मी सरांच्या मागेच लागले. परीक्षा पुन्हा घ्या, पेपर नवा काढा, हवं तर माझ्या पगारातून खोडरबरं घ्या, पण पुन्हा घ्या. शेवटी सर म्हणाले, "यल्ला, वेन्सडे." यल्ला म्हणजे चला! पण बुधवारी बाकीचे सगळे शिक्षक दुसऱ्या परीक्षेला लावलेले. पहारा पुन्हा माझाच! अट एकच, मी शेवटच्या बाकामागे खुर्ची टाकून बसायचं आणि उठायचं नाही.

पण मला माझा भरवसा राहिला नव्हता. मिलिंदचा मानेचा पट्टा कपाटात पडून होता, स्पाँडिलायटिसचा. तो घट्ट बांधला आणि गेले शाळेत. मान डावीकडे नाही, उजवीकडे नाही. मेट्रोमध्ये तीन जणांनी उठून जागा दिली.

वर्गात शिरले आणि सातही मुलं ताडकन उभी राहिली. चेहरे घाबरेघुबरे. त्यांना वाटलं, सरांनी काहीतरी केलं! मेई दप्तरातून थर्मास घेऊन धावत आली. झाकणात वाफाळतं पाणी ओतून माझ्यापुढे धरलं.

"हॉट वॉटर, टीचर. गुड फॉर नेक."

जिला मी चाळीसपैकी दोन मार्कांवर आणून ठेवलं, ती पोर माझ्या मानेची काळजी करत होती. मी ते पाणी प्यायले. पट्ट्यामुळे मान वर होईना, निम्मं ओढणीवर सांडलं. डोळ्यांतलं पाणी लपवायला तेवढं बरं झालं.

परीक्षा झाली. त्या दिवशी खोडरबराचा आवाज मोजून चार वेळा आला. निकाल? सातही पास! मेईला चाळीसपैकी छत्तीस. नववी पक्की! मी तर सरांच्या केबिनमध्ये टाळ्याच वाजवल्या.

शुक्रवारी पालकांना बोलावलं होतं. मेईची आई आली. लहानखुरी बाई, दुकानातून तशीच आलेली, हातात रुमाल घट्ट धरलेला. तिला इंग्रजीचं अक्षर कळत नाही. पहिल्या निकालाबद्दल तिने घरी ऐकलं होतं, दुसरा निकाल मेईने सांगितला तरी तिचा विश्वास बसेना. टीचरच्या तोंडून ऐकायचं म्हणे. ती माझ्यासमोर बसली आणि मेईकडून विचारलं, माझी मुलगी इंग्रजीत खरंच बरी आहे का?

आता अशा वेळी कुणाला भरून येणार नाही? मी तिचा हात हातात घेतला आणि मनापासून म्हटलं, "शी इज एक्सलंट! फर्स्ट क्लास!"

बाईने माझ्याकडे बघितलं आणि एकदम हमसून हमसून रडायला लागली.

मला कळेना काय झालं. मेईला बरोबर कळलं. ती आईच्या कानाशी वाकून चिनीत घाईघाईने काहीतरी बोलली. आईने डोळे पुसले, मग डोळे घट्ट मिटूनच घेतले, आणि कान माझ्याकडे करून बसली.

"व्हॉट डिड यू टेल हर?" मी मेईला विचारलं.

"आय टोल्ड हर, डोन्ट लुक टीचर," मेई म्हणाली. "ओन्ली लिसनिंग."

मी पुन्हा सगळं सांगितलं, मेईने एकेक वाक्य चिनीत करून दिलं. आईच्या डोळे मिटलेल्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. तिने डोळे उघडले, हात जोडले आणि मेईकडून शेवटचं विचारलं, म्हणजे नववी नक्की ना?

यात बोलायचं काय होतं? मी नुसती प्रेमाने मान हलवली.

बाईने पुन्हा रुमाल डोळ्यांना लावला.