जहाज बुडनं का वाचनं?

आज जळगावला नातीच्या शाळेत वाचनाच्या तासाला पुस्तकांचं कपाट उघडलं आणि डांबराच्या गोळ्यांचा वास आला. मी थेट पारोळ्याजवळच्या आमच्या गावच्या शाळेत जाऊन पोचले.

दसरा नुकताच झाला होता. डांबराच्या गोळ्या घातलेल्या कपाटातली, पावसाळ्यात दमट झालेली पुस्तकं गुरुजींनी अंगणात उन्हाला मांडली होती आणि चौथीतली मी ओट्यावर बसून वादळात सापडलेल्या जहाजाची गोष्ट मोठ्यानं वाचत होते. कापूस वेचून परतणाऱ्या बाया ऐकत कुंपणाशी थबकल्या. तेवढ्यात घंटा झाली आणि मी पुस्तक मिटलं.

"थांबू नको, पोरी!" आमच्या शेजारची सखूअक्का ओरडली. "जहाज बुडनं का वाचनं?"

गुरुजींनी हसत फाटक उघडलं. डोक्यावरची गाठोडी उतरवून साऱ्या मातीतच बसल्या. मी वाचत गेले. जहाज किनाऱ्याला लागलं तेव्हा कुणीतरी मोठा श्वास सोडला.

अक्का जवळ आली. "यामा समुद्र कोठे शे?"

मी पानावरचा 'समुद्र' हा शब्द दाखवला. तिनं लुगड्याला हात पुसला आणि त्या अक्षरांवर हलकेच बोट ठेवलं. आमच्यापैकी कुणीच समुद्र पाहिलेला नव्हता. पुढे मी तो पाहिला, पण त्या दिवसाइतकी थक्क झाले नाही.