उंबऱ्याबाहेर काढलेल्या चपला

फोन आला तेव्हा मी गुडगावला, ऑफिसच्या कँटीनमध्ये होते. आमच्या घरी फोन मम्मी करते, पप्पा कधीच नाही, त्यामुळे त्यांचा आवाज ऐकताक्षणीच मी ताटावरून उठले. "रूथ गेली," एवढंच म्हणाले... रूथताई, माझी थोरली बहीण. आठवडाभर ताप काय येतो, हॉस्पिटलात काय नेतात, आणि चाळिशीही न गाठलेली बाई बघता बघता संपते काय. आदल्या संध्याकाळी तर मला बजावत होती की उद्या येताना सूप आणलंस तर तुझ्याच डोक्यावर ओतीन, छोले-भटुरे आण. त्याला आता दोन महिने होत आले. अजून भटुऱ्यांच्या गाडीसमोरून जाताना मी मान वळवते.

आम्ही साळवे मूळचे नगरकडचे, पण आजोबा नोकरीनिमित्त आले तेव्हापासून दिल्लीचे. घरात सगळे पगारदार. ताई बी.ए. झाली आणि शिस्तीत बँकेच्या परीक्षेच्या क्लासला जाऊ लागली. त्या सुमारास लातूरहून शिकायला आलेल्या तिच्या मैत्रिणीला मुनिरका भागात खोली मिळत नव्हती. कुठे आडनाव आडवं यायचं, कुठे अंडं. ताईने क्लास बुडवून गल्ल्या पालथ्या घातल्या आणि एक खोली मिळवलीच. मैत्रीण त्या रिकाम्या खोलीत फरशीवर बसली आणि मनसोक्त रडली. घरी येऊन ताईने जाहीर केलं, "मला हेच करायचंय." पप्पांच्या हातातला चहा हातातच राहिला. प्रॉपर्टी डीलर म्हटलं की त्यांना गळ्यात सोन्याची चेन घातलेला आणि जिभेला हाड नसलेला माणूसच दिसायचा. शेवटी त्यांनी तिला एक वर्ष दिलं. पुढच्या नाताळपर्यंत स्वतःच्या हिमतीवर एक तरी घर विकून दाखव, नाही तर गुमान बँक. ताई हो म्हणाली आणि दिल्लीतल्याच द्वारका भागात चौधरीजी नावाच्या डीलरच्या दुकानात काम शिकायला लागली.

चौधरीजी मनाने चांगले, पण घर दाखवताना त्यांचं तोंड पंख्यासारखं फिरत राहायचं. ताईची तऱ्हा उलटी. रिकामं, धुळीने भरलेलं घर असलं तरी ती चपला उंबऱ्याबाहेर काढायची, आत जाऊन खिडक्या उघडायची आणि बाहेर येऊन उभी राहायची. "आप आराम से देख लीजिए," एवढंच बोलायची. चौधरीजी कपाळावर हात मारायचे. मी विचारलं तर म्हणाली की आपण शेजारी बडबडत राहिलो तर माणसाला घर दिसणार कधी? आणि चपला? कुणी तरी इथे जन्म काढणार आहे, मग आत्तापासूनच ते त्यांचं घर. बाविसाव्या वर्षी हे तिला कुणी शिकवलं, देव जाणे. मला तिचं तेव्हाही नवल वाटायचं आणि आजही वाटतं. घर मात्र विकलं जाईना. दिवाळी गेली, थंडी पडली, आणि मम्मीने तिची बँकेची पुस्तकं झटकून टेबलावर मांडून ठेवली.

नाताळच्या तोंडावर एका कुटुंबाला फ्लॅट दाखवायचा होता. मला कॉलेजची सुट्टी होती, मी मिरवायला सोबत गेले. नवरा-बायको आणि नवऱ्याची म्हातारी आई. त्या आजींनी ताईच्या चपला पाहिल्या आणि त्यांच्याशेजारी आपल्याही काढल्या. मुलगा आणि सून खोल्यांतून टेप घेऊन धावत होते, सोफा इथे, टीव्ही तिथे. घर त्यांना पसंत पडलं, मुलाने टोकनसाठी चेकबुकही काढलं. त्या चेकवर ताईचं सगळं पुढचं आयुष्य होतं. तेवढ्यात ताईने विचारलं, "और आंटी का कमरा कौन-सा होगा?"

सून हातातली टेप गुंडाळत नवऱ्याकडे बघू लागली. मग मुलाने स्वयंपाकघरामागची कोठी दाखवली. तिला खिडकी नव्हती. ताई म्हणाली, "सर, यहाँ धूप कभी नहीं आएगी. दिल्ली की सर्दी में आंटी यहाँ कैसे रहेंगी? आप दूसरा घर देखिए, मैं साथ चलूँगी." मुलगा रागावला, चेकबुक खिशात घालून तरातरा जिना उतरला. आजी मागे राहिल्या. चपला घालताना त्यांनी ताईच्या खांद्यावर हात टेकला. परतताना मेट्रोत मी ताईवर चिडले होते. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "अगं, दिसलं ना मला. मग गप्प कशी बसू?"

घरी मीच सगळं सांगून टाकलं. पप्पा ऐकत राहिले, मग उठून गॅलरीत गेले. त्या नाताळला कुणी बँकेचा विषय काढला नाही. नाताळच्या सकाळी बघते तर पुस्तकं टेबलावर नव्हती, पप्पांनी ती स्वतः कबाडीवाल्याला दिली होती. पहिलं घर ताईने फेब्रुवारीत विकलं. पुढे तिने कितीतरी कुटुंबांना घरं मिळवून दिली, स्वतःचं दुकान काढलं. पप्पा मात्र तिचं काम बघायला कधी गेले नाहीत. त्यांना ते संकोचाचं वाटे.

मागच्या रविवारी एका जोडप्याचा फोन आला. ताईने त्यांना एक घर दाखवायचं कबूल केलं होतं. मी नाही म्हणणार, तोच पप्पा म्हणाले, "तिचा शब्द आहे. चल." तिसऱ्या मजल्यावर पोहोचेतो त्यांना धाप लागली. ते जोडपं दारात वाट बघत होतं. ताईच्या दुकानातून आणलेल्या किल्लीने मी कुलूप उघडलं. पप्पा खाली वाकले, बुटांच्या नाड्या सोडल्या आणि बूट उंबऱ्याबाहेर नीट जोडून ठेवले. आत जाऊन एकेक खिडकी उघडली, मग बाहेर येऊन जोडप्याला आत जाऊ दिलं आणि भिंतीला टेकून उभे राहिले. दोघं हसत बाहेर आली, घर आवडलं म्हणाली. पप्पा पुढे झाले.

"बेटा, घर में सबसे बड़ा कौन है? उनका कमरा कौन-सा होगा?"

मुलगा थबकला. "मेरी माँ..." म्हणाला, आणि बायकोला घेऊन पुन्हा आत गेला. या वेळी दोघंही बूट काढून गेली. पप्पा माझ्याकडे वळले.

"असंच करायची ना ती?"

"हो पप्पा," मी म्हटलं. "अगदी असंच."