वरणातलं पाणी

लग्न झालं तेव्हा मी धुळ्याला, देवपुरातल्या एका शाळेत सातवीला शिकवत होते आणि गणिताला घाबरत होते. त्यातही दूध-पाण्याच्या मिश्रणाची उदाहरणं आली की मी ती पुढच्या तासावर ढकलत असे. यजमान एसटीत कारकून होते. संध्याकाळी ओट्यावर तांब्या आणि दोन पेले मांडून ते मला शिकवत.

"कॅनमध्ये तीस लिटर मिश्रण, दोन भाग दूध, एक भाग पाणी. किती पाणी घातलं तर दोन्ही सारखं होईल?"

मी 'क्ष मानू' म्हणून वही उघडायची.

"वही ठेव. आधी बघ, काय बदललं नाही. दूध वीसच राहिलं ना?"

"मग पाणी पण वीस पाहिजे. म्हणजे दहा घालायचं!"

"बघ, आलं की."

लग्नाला सहा वर्षं झाली आणि त्यांच्या किडन्या निकामी झाल्या. डॉक्टर म्हणाले, दिवसभरात एक लिटर, चहा-ताक-वरण सगळं धरून. मी शाळेतून मोजपात्र आणलं. अमळनेरहून सासूबाई येऊन राहिल्या. त्यांना हे मोजणं पाहवत नसे.

मे महिन्यातली दुपार होती. चार वाजता लिटर संपला. यजमानांच्या ओठांना भेगा पडल्या होत्या.

"दोन घोट दे," ते म्हणाले.

"अहो, आजचं झालं."

"नाही झालं. वरण तू दीडशे धरलंस. त्यात पाव भाग डाळ होती, ती पाण्यात कशी मोजलीस?"

सासूबाई दारातून म्हणाल्या, "त्याले तहान लागनी शे, दे ना व थोडं पानी."

मला वाटलं, हे मला गणितात गुंडाळताहेत. मी मोजपात्र कपाटात ठेवलं आणि म्हणाले, "उद्या सकाळी." ते भिंतीकडे तोंड करून निजले.

पहाटे धाप लागली. रिक्षातून दवाखान्यात नेलं. तिथून तिसऱ्या दिवशी घरी आला तो त्यांचा देह.

दहावं झाल्यावर मी पाटीवर ते गणित केलं. दीडशेचा पाव भाग, साडेसदतीस मिलिलिटर. त्यांचं बरोबर होतं. तेवढं पाणी त्यांच्या वाट्याचं होतं आणि मी ते दिलं नाही.

सासूबाईंना सांगितलं. मला वाटलं, त्या बोलतील, शिव्याशाप देतील. त्यांनी पाटी माझ्या हातातून काढून घेतली.

"डाक्टरनं सांगेल व्हतं. तू काय करशी, माय," एवढंच म्हणाल्या, आणि मग आम्ही दोघी रडलो.

जूनमध्ये मी शाळेत रुजू झाले. मिश्रणाचं प्रकरण आलं की शेजारच्या वर्गाच्या बाई माझ्या मुलांना शिकवत आणि मी त्यांच्या वर्गावर व्याकरण घेई. त्यांनी कारण कधी विचारलं नाही. वीस वर्षं आमचं तसंच चाललं.