उंदरांनी न खाल्लेला नकाशा

सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. खळबाई नकाशावर वाकून कोरड्या ब्रशने हिरवे कण वेचत होती. एक कण उचलायचा, कागदी पाकिटात टाकायचा, पाकिटावर जागा लिहायची: उत्तर हद्द, नदीच्या वर. उत्तर हद्द, टेकडीपाशी. तीन पाकिटं झाली होती.

संग्रहालयाच्या तळघरात ती एकोणतीस वर्षांपासून जुने कागद दुरुस्त करते आणि चिकटवायची खळ स्वतः शिजवते, म्हणून हे नाव. लोक ते आपल्या पाठीमागे घेतात हे तिला ठाऊक आहे. समोर घेतलं तरी ती ओ देते.

टेबलावरचा नकाशा एका परगण्याचा, अडीचशे वर्षांपूर्वीचा. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला, मग हाताने रंगवलेला. ज्याने तो करवून घेतला त्याला जमीनही मोजून हवी होती आणि दिवाणखान्याची भिंतही सजवून हवी होती, हे बघताक्षणी कळतं. गावं म्हणजे छपराची चिमुकली घरं. टेकड्या एकाच बाजूने सावली दिलेल्या, ताटात ओळीने मांडल्यासारख्या. अंतराची पट्टी पायी चालायच्या तासांत. वरच्या कोपऱ्यात फळांच्या माळेत शीर्षक आणि त्याला टेकून बसलेला सिंह. कोरणाऱ्याने सिंह कधी पाहिला नसावा, कारण त्याचं तोंड थेट घरच्या कुत्र्याचं आहे. पूर्वेला मोजणीदार पोचलेच नव्हते. तिथे रिकामी जागा दिसू नये म्हणून एक अख्खी शिकार भरली आहे, नऊ हरणं आणि दोन घोडेस्वार. पुढे दोन पिढ्या सरकारी कचेरीत त्या बाजूला दाट जंगल असल्याचं धरून चालत होते. तिथे माळ होता.

परगण्याच्या हद्दीवर हिरवी पट्टी ओढलेली. हा हिरवा म्हणजे तांब्याचा कळंक, पत्रे आंबवून खरवडलेला. दिसायला पोपटी, पण कागद खातो. हळूहळू खातो, पण थांबत नाही. उत्तरेकडे पट्टीखालचा कागद तपकिरी होऊन तडकला होता. आणखी थोडं तडकलं की आतला परगणा साच्यातून वडी सुटावी तसा बाहेर पडला असता.

पावणेदहाला संग्रहालयाचे साहेब खाली आले. सोबत खळबाईचा धाकटा भाऊ होता, हातात मोठा पांढरा ट्रे आणि बगलेत दोन बाटल्या. भावाचं फ्रेमचं दुकान आहे. वडिलांचंच, आता तो चालवतो. जुनी चित्रं, जुने छापील कागद धुऊन पांढरे करून देण्यात त्याचा हातखंडा. वय एकोणपन्नास, मिशी पिकलेली, पण बहिणीसाठी तो अजून छोट्याच.

"हे काय रे छोट्या? इथे अंघोळीला आलास?"

"साहेबांनी बोलावलं, ताई. तू नाही म्हणतेस म्हणून."

साहेबांनी घसा साफ केला. "शनिवारी नव्या दालनाचं उद्घाटन आहे. दारातून शिरल्याशिरल्या हा नकाशा दिसला पाहिजे. आणि हा दिसतोय कसा? कुणीतरी वर चहा सांडलाय असा. मी तुम्हाला दोनदा सांगितलं, धुऊन घ्या."

"आणि मी दोनदा सांगितलं, हा धुवायचा नाही. पाण्यात कळंक सुटतो आणि सगळ्या कागदात पसरतो. आता फक्त हद्द खातोय, मग मधलंही खाईल. त्या बाटलीतल्या औषधाने तर आणखी लवकर."

"काही होत नाही गं," भाऊ म्हणाला. "अर्ध्या तासाचं काम. बाबांनी जन्मभर हेच केलं. एकाची तक्रार आली?"

"वकिलांचा नकाशा आठवतो?"

"तो उंदरांनी खाल्ला."

खळबाईने ब्रश खाली ठेवला. वकिलांचा नकाशा ही घरातली जुनी गोष्ट होती. तोही असाच हिरव्या हद्दीचा. वडिलांनी तो धुऊन, फ्रेम करून दिला, तेव्हा ती एकवीस वर्षांची होती आणि ट्रेचं दुसरं टोक तिने धरलं होतं. नकाशा असा उजळला की वकिलांनी मिठाईचा डबा पाठवला. अकरा वर्षांनी ते फ्रेम घेऊन परत आले. काचेमागे कागदाची जाळी झाली होती आणि तळाशी भुगा साठला होता. वडिलांनी तो बघितला आणि म्हणाले, उंदीर. वकिलांनी मान डोलावली. घरातही तेच ठरलं. वडील गेले तेव्हाही कुणीतरी म्हणालं, आयुष्यात एकच काम वाया गेलं बिचाऱ्यांचं, तेही उंदरांमुळे. त्या दिवशीही खळबाई काही बोलली नव्हती.

"छोट्या, तू तेव्हा दुकानात होतास. भोकं कुठे होती?"

"कुठे म्हणजे? होती सगळीकडे."

"सगळीकडे नव्हती. आधी हद्दीवर होती, मग आत पसरत गेली होती. उंदरांना परगण्याची हद्द कळते का रे?"

भावाने ट्रे टेबलाच्या कडेला टेकवला. "ताई, बाबांबद्दल बोलतेयस. तेही परक्या माणसासमोर."

"बोलतेय. त्यांना माहीत नव्हतं, धुताना. अकरा वर्षांनी बघितलं तेव्हा कळलं होतं. त्यांनी उंदीर म्हटलं आणि मी गप्प बसले. ट्रे मीच धरला होता, मग कशी बोलणार होते?"

परक्या माणसाला हे प्रकरण कुठे चाललंय ते समजेना. "हे बघा," साहेब म्हणाले, "तुमच्या घरचं तुम्ही घरी बघा. अकरा वर्षांनी काय होईल ते अकरा वर्षांनी बघू. मी तोवर निवृत्त झालेला असेन."

"मीही. नकाशा नसेल झाला."

"बाई, हा हुकूम समजा."

"समजते. लेखी द्या. 'रंगात तांबं असल्याचं मला सांगण्यात आलं आहे, तरीही नकाशा पाण्यात घालावा.' एवढं एक वाक्य आणि खाली सही. मग मी बाजूला होते, छोट्याने खुशाल बुडवावा."

साहेब वर गेले. वीस मिनिटांनी टाइप केलेला कागद घेऊन आले. त्यात लिहिलं होतं की नकाशाची योग्य ती स्वच्छता करण्यात यावी. तांबं नव्हतं, पाणी नव्हतं, सही हाताखालच्या कारकुनाची होती. खळबाईने चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"योग्य ती स्वच्छता मी सकाळपासून करतेच आहे," ती म्हणाली आणि ब्रश दाखवला.

दारात उभ्या असलेल्या मामाला, म्हणजे शिपायाला, हसू आवरेना. तो पाठ फिरवून खोकला.

साहेबांचे कान लाल झाले. ते भावाकडे वळले. "तुम्ही सुरू करा हो. मी उभा आहे इथे."

भाऊ नकाशापाशी आला. चष्मा कपाळावर सरकवून, हात मागे बांधून त्याने उत्तर हद्द या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. नाकाला शाई लागेल इतका वाकून. सरळ होताना त्याने बहिणीकडे बघितलं नाही.

"मी फ्रेम करून देतो, साहेब," तो म्हणाला. "धुणार नाही."

"अहो, पण आत्ता तर अर्ध्या तासाचं काम म्हणत होतात!"

"म्हणत होतो."

त्याने ट्रे उचलला, बाटल्या बगलेत मारल्या. दाराशी थांबून बहिणीला एवढंच म्हणाला, "आईला यातलं काही सांगू नकोस."

"काचेमागचा तो भुगा आईनेच गोळा केला होता, छोट्या. तिला ठाऊक आहे."

तो गेला. यावर भावा-बहिणीत काय बोलणं होईल, होईल की नाही, हे त्या दिवशी ठरणार नव्हतं.

दुपारी दोन वाजता दोन कागद खाली आले. पहिल्यात नव्या दालनासाठी नकाशाचा फोटो काढून मूळ आकारात छापून घ्यायचं ठरलं होतं. छापताना तपकिरी डाग हवे तेवढे उडवता येतात. मूळ नकाशा खालच्या कपाटात राहणार होता. दुसरा कागद म्हणजे खळबाईच्या नावाने नोटीस होती: वरिष्ठांशी उद्धट वर्तन केल्याबद्दल तीन दिवसांत खुलासा करावा, अन्यथा बदलीचा विचार केला जाईल.

तिने तीन दिवस घेतले नाहीत. नोटिशीच्या मागेच लिहिलं: 'नकाशा धुण्यास मी नकार दिला. पुन्हा सांगितल्यास पुन्हा देईन.' तारीख घातली, सही केली, मामाच्या हातात दिली.

"बाई, जरा गोड शब्दांत लिहायचं होतं," मामा म्हणाला. "तिकिटाच्या खिडकीवर बसवतील."

"बसवू देत. जाण्याआधी उत्तर हद्द चिकटवून होईल."

संध्याकाळी निघण्यापूर्वी तिने उद्याच्या कामाचा तक्ता दारावर लावला. फोटोग्राफर अकरा वाजता येणार आहे. नकाशा टेबलावरून फळीवर घ्यायला दोन माणसं लागतात. मामा उद्यापासून भाचीच्या लग्नासाठी चार दिवस रजेवर आहे, म्हणून पश्चिमेकडचं टोक धरायला तक्त्यात साहेबांचं नाव आहे, वेळ दहा पंचावन्न.