पंधरा वर्षं न थांबलेली जीप

मढहून जुन्नरला जायला सकाळी तीन जिपा लागायच्या. पहिली भरून निघाली तरी निम्मी माणसं तिसरीची वाट बघत उभी राहायची, कारण तिसरी भिकानानांची. नाना गाडी जोरात हाकत होते असं नाही. सायकलवाल्यानं घंटी मारून पुढं जावं, अशी त्यांची चाल. पण "पंधरा वर्सांत माझी गाडी रस्त्यात हुबी ऱ्हायली नाय," हे ते दर खेपेला एकदा तरी ऐकवायचे आणि ते खरं होतं. अडलेली बाई असो की बोर्डाचा पेपर, लोक नानांचीच जीप बघायचे. मीही कॉलेजला तिच्यातूनच जायचो. मागच्या फळीवर लटकून, पण वेळेवर.

नानांच्या गाडीचे नियम देवळापेक्षा कडक. टायरला पाय लावायचा नाही. अमावास्येला लिंबू-मिरची बदलल्याशिवाय चावी फिरणार नाही. कुणाला मळमळत असेल तर त्यानं आधी सांगायचं, नंतर सांगून उपयोग नाही. आणि इंजिनाला हात लावायचा तो फक्त जुन्नरच्या चिमाजी मिस्त्रीनं. चिमाजी बायकोच्या तीन हाकांना ओ द्यायचा नाही, पण नानांच्या हॉर्नला गॅरेजबाहेर यायचा.

ही गोष्ट दोन हजार दोनच्या दसऱ्याची. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, नाना चिमाजीकडून ऑइल बदललेली गाडी घेऊन आले. घरी तिची साग्रसंगीत पूजा झाली. झेंडूची माळ अशी जाड की निम्मा डॅशबोर्ड गायब.

दसऱ्याला दुपारी आम्ही जुन्नरहून परत निघालो. चौदा जण होतो. अंबाबाई आपट्याची पानं विकून रिकामी पाटी मांडीवर घेऊन पुढं बसली होती. गणेश खिंडीच्या चढाला जळका वास आला. मग कुणी लोखंडावर लोखंड घासावं तसा आवाज झाला आणि गाडी गप्प झाली.

पहिली बोलली अंबाबाई. "का रं भिका, पंधरा वर्सं आजच भरली व्हय?"

नाना गाडीखाली शिरले आणि बराच वेळ बाहेरच येईनात. शेवटी तिथूनच बोलले, "ऑइलच्या चेंबरचा बोल्टच नाय. समदं ऑइल सांडलंय." मागं बघितलं तर रस्त्यावर काळी रेघ, पार वळणापर्यंत. मी झेंडूची माळ उचलली. मागं ऑइलचा लाल दिवा बिचारा इमानानं जळत होता.

संध्याकाळी सोनं द्यायला जावं त्या घरात एकच बातमी. भिकानं इंजिन जाळलं. दिवा पेटलेला दिसंना, म्हातारा झाला आता. दुसऱ्या जिपेचा जानकू तर स्टँडवर चक्क ओरडत होता, "या, या! हिकडं दिवे दिसत्यात!" नानांना हसू सोडून सगळं आलं. इंजिन उतरवलं जाईल, पुन्हा बसेल. पण भिकाची गाडी थांबत नाही हा लोकांचा भरवसा कोणत्या गॅरेजात दुरुस्त होणार?

तिसऱ्या दिवशी नाना आम्हा चार-पाच जणांना घेऊन चिमाजीकडं गेले. "पंचांच्या म्होरं इचारतो. बोल्ट कुनी सैल ठिवला ते समद्यांला कळू द्या." पंचांत अंबाबाई होती, म्हणजे सगळ्या मढला कळण्याची सोय झाली होती.

जीप ओढून आणून गॅरेजात लावलेली. चिमाजी तिच्याखालून बाहेर आला. हात पुसत उभा राहिला.

नाना म्हणाले, "चिमाजी, खरं बोलायचं. बोल्ट आवळला व्हता का न्हाई?"

चिमाजीनं नानांकडं बघितलं. चांगलं निरखून बघितलं. मग मान खाली घालून म्हणाला, "न्हाई आवळला. ऱ्हायलं माझ्याकडनं."

"बघा!" आमच्यातला एक जण म्हणाला. "नानाचा काय दोष न्हाई."

नाना जिंकले होते. आता चहा सांगून निघायचं, एवढंच उरलं होतं. पण ते तिथल्या जुन्या टायरवर बसले. टायरवर! ज्या माणसानं आम्हाला टायरला पाय लावू दिला नाही, तो. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली.

"लेका, सांगत का न्हाईस पुढचं?"

"काय सांगू, नाना? जाऊ द्या."

"मग मी सांगतो. ह्यानं आदल्या सांजच्याला जुनं ऑइल काढून बोल्ट निसता हातानं बसवलेला. नवमीला सकाळी मी गाडी न्यायला आलो, तवा ह्याची पाने-पकडी समदी पाटावर मांडलेली. हळदकुंकू, फुलं वाहिलेली. ह्यानं सतरा नंबरचा पाना उचलाया हात घातला अन् मीच वरडलो, पुजलेलं हत्यार उचलतो व्हय रं? हातानंच आवळ, उद्या सोनं द्यायला येतो तवा पक्का कर. अन् दुसऱ्या दिशी भाडं मिळालं, तर मी गॅरेजाकडं फिरकलोच न्हाई."



चिमाजीच म्हणाला, "मिस्त्री मी व्हतो ना? तुमी नको म्हनलात तरी म्या आवळायचा व्हता. देव काय पाने मोजत बसला नसता."

"ते नवमीला सुचलं न्हाई दोघांला बी," नाना म्हणाले.

इंजिन खोलून बसवायला महिना गेला. तेवढे दिवस नाना स्टँडवर यायचे, उभे राहायचे आणि पायी घरी जायचे. जीप परत आली त्या सकाळी जानकूची गाडी आधीच भरत होती. नानांची रिकामी. मी बसलो, पण मला कोण विचारतो? अंबाबाई पाटी घेऊन आली. जानकूनं पुढची सीट झटकली. ती तिकडं गेली नाही. आमच्या जिपेपाशी येऊन कमरेत वाकली, गाडीखालची माती बोटानं चाचपली, बोट नाकाला लावलं. मग डॅशबोर्डवरची झेंडूची नवी माळ उचलून तिनं आरशाला अडकवली.

"पाना हाय का गाडीत?"

नानांनी सीटखालून सतरा नंबरचा काढून दाखवला.

"पुजलेला न्हाई ना?"

"न्हाई, माझे आई."

"मग हाक," असं म्हणून ती पुढं बसली. जानकूच्या जिपेतून दोघं-तिघं उतरून आमच्याकडं आले. खिंडीपर्यंत नाना ते पंधरा वर्षांचं वाक्य काही बोलले नाहीत. पुढंही कधी नाही.