सासऱ्यांसाठी मिरीची चक्की

मिरी दळायच्या चक्क्या बनवणाऱ्यांनी जन्मात कधी मिरी खाल्लेली नसावी, असं माझं ठाम मत आहे. दुकानात त्याला पेपर मिल म्हणतात. आठ महिन्यांत आमच्या पनवेलच्या घरात अशा तीन आल्या. त्यातल्या दोन मी स्वतःच्या हाताने कचऱ्याच्या डब्यात टाकल्या, आणि चांगल्या आपटून टाकल्या.

हौस म्हणून नव्हे हो. असली हौस करायला मला वेळ नाही. सासऱ्यांचं हृदय थकलं होतं. पायांवर सूज यायची, एक जिना चढला तरी धाप लागायची. डॉक्टर म्हणाले, मीठ जवळजवळ बंद करा, नाहीतर पुढच्या वेळी दवाखान्यात न्याल आणि घरी आणाल याची खात्री मी देत नाही. आता हे सांगितलं कोणाला, तर ज्या माणसाचं उभं आयुष्य उरणकडच्या मिठागरात गेलं त्याला. मिठागरांच्या जागी आज कंटेनर रचलेत, पण बाबांच्या जिभेवरचं मीठ तसंच होतं.

त्यात आमच्याकडे ताट वाढताना पहिलं वाढतात ते मीठ. ती जागा रिकामी दिसली की बाबा हात मांडीवर ठेवून बसून राहायचे.

“वाढलंय सगळं, जेवा,” मी म्हणायची.

“हां,” म्हणायचे, आणि बसून राहायचे. मग चार घास खाऊन ताट सरकवायचे. दोन महिन्यांत सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती ढगळ झाली. मिठाने जातील या भीतीने मीठ बंद केलं, तर उपाशी राहून जातात की काय, अशी वेळ आली. मिठाच्या जागी मिरी द्या, असं मग डॉक्टरांनीच सुचवलं. एवढं एकच काम होतं माझ्यापुढे: बाबांना बिनमिठाचं जेवण पोटभर जेवायला लावायचं.

मी शाळेत विज्ञान शिकवते, बावीस वर्षं. कोणी काहीतरी ठोकून दिलं की माझं डोकं फिरतं, आणि स्वयंपाकघराच्या बाबतीत तर लोक ठोकूनच देतात. मिक्सरमधून मिरपूड करून ठेवली, तर बाबा म्हणाले, राख लागते. बरोबर होतं त्यांचं, दळलेल्या मिरीचा वास दोन दिवसांत उडतो. शेजारीण म्हणाली, “खलबत्त्यात कुटा की ताजी. आपली जुनी पद्धत.” म्हटलं, “तुमच्याकडे आहे?” तर म्हणे, “आहे ना, शोकेसमध्ये ठेवलाय.” धन्य आहे!

पहिली चक्की मॉलमधली, काचेची. आतले दात प्लास्टिकचे. मिरी हसत होती त्या दातांना. आठवड्यात मिरी तशीच आणि दातांचाच भुगा वरणात. दुसरी नणंदेने पाठवली, बॅटरीवर चालणारी. बटण दाबलं की खालून दिवा लागायचा. आम्ही काय अंधारात जेवतो? आवाज असा, की बाबा पहिल्यांदा तोंडावर हात धरून मागे सरकले, दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखे. चार सेल घालून चिमूटभर मिरी निघेना. ज्याने कोणी हे डोकं चालवलं, त्याला महिनाभर त्याच चक्कीवर स्वयंपाक करायला लावला पाहिजे.

मग मी ठरवलं, आता कुणाचं ऐकायचं नाही. इंटरनेटवर लोकांची मतं वाचली. एकाने पाच तारे दिले होते, का तर खोका छान होता. दुसऱ्या बाईंनी लिहिलं होतं, अजून वापरली नाही पण ओट्यावर शोभून दिसते. असल्या लोकांच्या भरवशावर देश चाललाय. शेवटी पर्समध्ये घरची मिरी पुडीत बांधून घेतली आणि दुकानं पालथी घातली. काउंटरवर वर्तमानपत्र पसरायचं, माझी मिरी चक्कीत घालायची, दळून बघायची. “मॅडम, डेमो अलाऊड नाही,” एक पोरगी म्हणाली. “मग विकायला तरी कशाला ठेवलंय?” मी विचारलं. ती मॅनेजरला बोलवायला गेली, तोवर मी आणखी दोन दळून बघितल्या.

तिथेच ही सापडली. लाकडी, वीतभर उंच, आत पोलादी दात, वर पितळेची चावी. चावी आवळली की बारीक, सैल केली की जाडसर. मूठभर मिरी घातली, चार वेळा पिळली, सबंध दुकानात घमघमाट. ही आणली आणि बाबांच्या ताटाशी ठेवली. ती फक्त त्यांची. मला मिरीने पित्त होतं आणि नवऱ्याला कशानेच काही होत नाही.

आणि बाबा जेवायला लागले! अहो, खरंच. ताटात मिठाच्या जागी स्वतःच्या हाताने मिरी पिळायची, बोटाने चाखायची आणि भाताला हात घालायचा. “आता लागते चव,” म्हणायचे. अर्ध्या भाकरीच्या दोन झाल्या. मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं, कोणी विचारलेलं नसताना. वस्तू निवडायलाही अक्कल लागते, असंही म्हणाले बहुतेक.

नवरा तळोज्याला कारखान्यात शिफ्टवर असतो. एका दुपारी जेवताना त्याने बाबांच्या ताटाकडे बघून विचारलं, “मिरीत हे पांढरं पांढरं काय गं?” मी त्याला मिरीच्या दाण्याची रचना समजावून सांगितली. साल काळी, आतला गर पांढरा, जाडसर दळली की दोन्ही दिसणारच. साधं निरीक्षण नसतं लोकांना. बाबा खाली मान घालून जेवत होते.

महिन्याभरात सूज परत आली. डॉक्टरांनी मला विचारलं, “पोटात मीठ जातंय का कुठून?” माझा असा संताप झाला! “डॉक्टर, मी विज्ञानाची शिक्षिका आहे,” मी म्हणाले, “मिठाचा डबा आमच्याकडे माझ्या कपाटात असतो. तुमच्या गोळ्यांचं काय ते बघा.” त्यांनी गोळी वाढवली. बाहेर येऊन मी नवऱ्याला ऐकवलं, की हल्लीच्या डॉक्टरांना पेशंटवर ढकलायची सवयच झालीय. बाबा रिक्षात मध्ये बसले होते, खिडकी नसताना बाहेर बघत होते.

आणखी दोन महिन्यांनी, एका शनिवारी सकाळी चक्की अडकली. पिळता पिळेना. मी तशीच पिशवीत टाकली आणि जुन्या पनवेलच्या बाजारात मिक्सर दुरुस्त करणाऱ्याकडे गेले. जाताना त्या कंपनीला काय काय सुनवायचं ते मनात जुळवत होते. त्याने चावी काढली, दांडी उपसली, दात बाहेर काढले. तांबड्या गंजाचा नुसता थर. “बघा!” मी म्हणाले. “पोलाद म्हणे! तीन महिन्यांत गंजलं. लाज कशी वाटत नाही या लोकांना?”

त्याने दातांत अडकलेला एक खडा नखाने काढला, जिभेला लावला आणि थुंकला.

“मॅडम, पोलाद बरोबर आहे. यात मीठ कोण घालतं?”

गंज कशाने लवकर चढतो, हा धडा मी बावीस वर्षं आठवीला शिकवते. खिळा, परीक्षानळी, मिठाचं पाणी. आणि मला ते मिक्सरवाल्याकडून ऐकावं लागलं. चक्की उघडीच पिशवीत घातली आणि घरी आले.

बापलेक जेवायला बसले होते. मी गंजलेले दात बाबांच्या ताटाजवळ ठेवले.

“हे काय आहे, बाबा?”

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. “मीठ हाय. बाजारात आमच्या गावची कोळीण बसते ना, तिच्याकडनं आनतो. मूठभर.”

“कधीपासून?”

“चक्की आली, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून.”

म्हणजे ती चव, त्या दोन भाकरी, माझी सगळी अक्कल मिठाची होती. माझा पारा चढला. “अहो, जीव जाईल तुमचा! डॉक्टर उगाच ओरडतात का? नुसती मिरी घशाखाली उतरत नव्हती तर मला सांगायचं होतं. विचारून दुसरं काही केलं असतं. साधं सांगायला काय झालं होतं?”

“तू एवढी फिरलीस तिच्यापायी,” बाबा म्हणाले. मग अजिबात न चिडता म्हणाले, “आनि तुला कोन सांगनार?”

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने भात कालवायला घेतला. कालवलेलाच भात पुन्हा कालवत होता.

मला खूप काही बोलायचं होतं, शब्द माझ्याकडे कधी कमी नसतात. पण तेवढ्यात बाबांनी दोन्ही पाय हळूच खुर्चीखाली ओढून घेतले, मला सूज दिसू नये म्हणून. वर्गात गृहपाठ न केलेली मुलं माझ्यासमोर वही अशीच पाठीमागे धरतात. फरक एवढाच, की ती मुलं तेरा वर्षांची असतात आणि हा माणूस ऐंशीला टेकला होता. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मी खाली फरशीवर बसले आणि त्यांचा एक पाय बाहेर घेतला. घोट्यावर बोट दाबलं. खळगा पडला, आणि तो भरून येईना.

“बाबा, चुकलं माझं,” मी म्हणाले.

“नाय नाय,” ते घाबरून म्हणाले, “चक्की चांगली हाय.”