सहाची एसटी आणि दोन शब्द

आमच्या माजी विद्यार्थी संघाला बोलायची भारी हौस. सांगलीच्या ज्या कॉलेजात तोंडी परीक्षेला आमच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, तिथंच आता माईक हातात आला की सोडवत नाही. मी या संघाची सचिव. कुपवाडला आमचा शेतीपंपाचे सुटे भाग करायचा लहानसा कारखाना आहे. दिवसभर यंत्रांच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय, म्हणून सूत्रसंचालनही माझ्याच गळ्यात पडलं.

संघानं कॉलेजासाठी काहीच केलं नाही, असं नाही. फाटकाची कमान आमची, पाण्याची टाकी आमची, आवारातले सिमेंटचे बाक आमचे. प्रत्येक बाकाच्या पाठीवर कुणाच्या ना कुणाच्या स्मरणार्थ असं लिहिलेलं. पोरं त्याला पाठ टेकून वडापाव खातात, आणि मला ते आवडतं. पण दर हिवाळ्यात मेळावा भरला की त्याच कमानीचं आणि त्याच टाकीचं कौतुक आम्ही एकमेकांना ऐकवायचो, आणि ते ऐकायला समोर विद्यार्थी बसवायचो. वर्ग सोडा आणि हॉल भरा, असा प्राचार्यांचा हुकूमच असायचा.

मागच्या वर्षीच्या मेळाव्यात संघाचं बक्षीस एका मुलीला होतं. विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षात ती पहिली आली होती आणि आता दुसऱ्या वर्षात शिकत होती. कवठे महांकाळच्या पुढच्या एका वाडीवरून रोज ये-जा करायची. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी ती स्टेजच्या पायरीशी आली.

"मॅडम, बक्षीस कवा देणार? माझी सहाची यस्टी हाय."

"अगं, पाचला सगळं आटोपतंय," मी म्हणाले. कशाच्या जोरावर म्हणाले, देव जाणे. आमचा एकही मेळावा आजवर वेळेवर संपलेला नाही. मग मी माईक हातात घेतला आणि सगळ्यांना मोबाईल बंद ठेवायला सांगितलं. पहिल्या रांगेत बसून तिनं आपला फोन लगेच बंद केला. बाकीचे ऐकल्यासारखं करतात, ही खरंच ऐकणारी होती.

दीपप्रज्वलन झालं, स्वागत झालं, मग सत्कार सुरू झाले. शाल, नारळ, फोटो. आमच्यात एकाचा सत्कार करून दुसऱ्याला वगळलं की तो वर्षभर बोलत नाही, म्हणून सगळ्यांचेच करायचे. आणि प्रत्येकानं सत्काराला उत्तर द्यायचं. "वेळेअभावी दोनच शब्द बोलतो," असं म्हणून जो उभा राहतो त्याच्यापासून तर देवानंच वाचवावं. आमचे एक ज्येष्ठ, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, चटणी-भाकरीवर दिवस कसे काढले ते सांगत होते. समोरच्या पोरांनी सकाळी डबा खाल्लेला, त्यानंतर पोटात काही नाही.

ती मुलगी सारखी खिडकीबाहेर बघत होती. मी त्या ज्येष्ठांना चिठ्ठी पाठवली. त्यांनी चष्मा लावून ती वाचली, खिशात घातली आणि म्हणाले, "सचिवबाई थोडक्यात आवरा म्हणतात." हॉल हसला. त्यांनी नवा मुद्दा काढला.

मला मधेच उठून म्हणता आलं असतं, आधी बक्षीस देऊ. पण बक्षीस शेवटी, प्रमुख पाहुण्यांच्या हातून, हा आमचा शिरस्ता. एरवी माझी जीभ कात्रीसारखी चालते. त्या दिवशी नेमकी टाळ्याला चिकटली. याचा मला आजही राग येतो, आणि तो त्या ज्येष्ठांपेक्षा माझाच जास्त येतो.

तिचं नाव पुकारलं तेव्हा बाहेर दिवे लागले होते. ती जवळजवळ धावतच वर आली. फोटोग्राफर म्हणाला, "परत एकदा द्या, डोळे मिटले." पाहुण्यांनी परत एकदा दिलं. सन्मानचिन्हावर संघाचं नाव हे एवढं मोठं आणि खाली बारीक अक्षरांत तिचं.

एसटी केव्हाच गेली होती. मी माझी गाडी काढली. गाडीत तिनं फोन चालू केला आणि घरून येऊन गेलेल्या फोनचे मेसेज एकामागून एक यायला लागले. तिनं वडिलांना लावला, लागेना. मग तिनं मला सगळं सांगितलं. वडील सैन्यातून निवृत्त झालेले. भावकीतले सगळे पोरीला एवढ्या लांब धाडू नको म्हणत असताना ते म्हणाले होते, शीक, लागंल तेवढं शीक, पर सहाच्या यस्टीनं यायचं. फाट्यापासून वाडीपर्यंतचा रस्ता निर्मनुष्य, म्हणून ते रोज फाट्यावर मोटारसायकल घेऊन उभे असत. तिला रसायनशास्त्रात एम.एस्सी. करायची होती. हे सांगताना ती सन्मानचिन्ह ओढणीनं झाकून बसली होती.

वडील फाट्यावरच होते. तिच्याविना एसटी येऊन गेल्यावर तालुक्याच्या स्टँडपर्यंत जाऊन, कंडक्टरला विचारून, परत येऊन थांबले होते. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"आवं ताई, पोचवलंत, बरं झालं," ते म्हणाले. "पर फोन कशापायी बंद हुता?"

"कार्यक्रम चालू होता," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

"व्हय," एवढंच म्हणून त्यांनी गाडीला किक मारली.

दुसऱ्या दिवसापासून ती कॉलेजात आली नाही. बी.एस्सी. सोडून घरबसल्या बी.ए. करायचं ठरल्याचं कळलं. मग आम्ही तिच्या घरी शिष्टमंडळ नेलं. ते ज्येष्ठ, आणखी तिघं आणि मी. तिच्या वडिलांनी अंगणात खुर्च्या मांडल्या, शेंगा-गूळ पुढं ठेवला. आणि आमच्या लोकांनी तिथंही एकेक करून दोन शब्द बोलायला घेतले! स्त्रीशिक्षण झालं, देशाची प्रगती झाली, चटणी-भाकरीही झाली. त्यांची धार काढायची वेळ टळत चालली होती, म्हशी ओरडत होत्या, आणि ते बिचारे हात बांधून उभ्यानं ऐकत होते. आतून ती चहा घेऊन आली, कुणाकडं न बघता परत गेली.

सगळ्यांचं झाल्यावर ते म्हणाले, "तुमी बोलता लय चांगलं. पर माझ्या पोरीची यस्टी तुमच्यातल्या एकानंबी बघितली न्हाई."

मी म्हणाले, यापुढची हमी मी घेते. ते म्हणाले, "ताई, तुमी एकट्या कुणाकुणाला आवरणार?" आणि धार काढायला गेले. ते चुकत होते, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. शिक्षा आम्हाला व्हायला हवी होती, ती पोरीला झाली. पण हे त्यांना सांगायचं तोंड आमच्यापैकी कुणाला उरलं नव्हतं.

यंदा मी भांडून क्रम बदलला. बक्षिसं सकाळीच, सत्कार नंतर, मोबाईल चालू, वर्ग सोडायचे नाहीत. "मग आमचं ऐकणार कोण?" असं ज्येष्ठांनी विचारलं. "आपणच," मी म्हणाले. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय.

तिलाही मी फोन करून बोलावलं. कॉलेजात एक वर्ष पुरं केलेलं कुणीही संघात येऊ शकतं, असा आमचा नियम. तिला बरं वाटेल, अशी माझी समजूत. वडीलच तिला घेऊन आले आणि बाहेर आमच्या एका बाकावर बसून राहिले. ती पांढऱ्या केसांच्या रांगेत टोकाला बसली.

बक्षिसं घेऊन पोरं वर्गात गेली, हॉलमध्ये आम्हीच उरलो. मग नेहमीप्रमाणे ओळखी सुरू झाल्या. प्रत्येकानं उठून आपली बॅच सांगायची आणि हल्ली काय करतो ते सांगायचं. माईक फिरत फिरत तिच्यापर्यंत गेला. तो मी अडवायला हवा होता, पण हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

ती उभी राहिली. "माझी बॅच अजून शिकतीय," ती म्हणाली आणि तिनं छताकडं बोट केलं. "वर लॅबमधी हायत सगळ्या. आज त्यांचं प्रॅक्टिकल हाय."

एक-दोघांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या आणि मधेच थांबले. ती माईक शेजारी बसलेल्या त्याच ज्येष्ठांच्या हातात देऊन खाली बसली. त्यांनी तो तोंडाशी नेला, आणि काही न बोलता पुढच्याकडं दिला.